सायकलवाल्या भावांचं पाणी

आमच्या घरी अक्षय तृतीयेला विमानवाल्यांना पाणी ठेवतात. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा लग्नाला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि मला वाटलं, नव्या सुनेची सगळे मिळून गंमत करताहेत.

आमच्या विदर्भात हा पितरांचा सण. कुंभाराकडून मातीची लहान मडकी आणायची. घरातून गेलेल्या पुरुषासाठी करा, बाईसाठी केळी, ही मडक्यांचीच नावं. त्यात पाणी भरायचं, वर आंबा ठेवायचा, पुरणपोळी, आमरस, कुरडया आणि चिंचवणीचा नैवेद्य दाखवायचा. ऐन उन्हाळ्यात गेलेल्या माणसांचा घसा कोरडा पडू नये, एवढीच त्यामागची माया. आमच्या घरातून गेलेली माणसं माझ्या माहितीत दोन होती, माझ्या सासूबाई आणि आजेसासरे. मडकी मात्र पाच मांडली होती. मी आत्याबाईंना विचारलं, ही उरलेली तीन कोणाची?

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. सासूबाई लवकर गेल्या. मागे दोन लहान लेकरं, त्यांतलं थोरलं म्हणजे माझे यजमान. आत्याबाईंचं तेव्हा लग्न ठरत होतं, ते राहिलं ते राहिलंच. अंगणवाडी सांभाळून त्यांनी हे घर उभं ठेवलं. पुरण वाटताना मान वर न करता त्या म्हणाल्या, "विमानवाल्यायची. तुह्या सासऱ्याले इचार."

सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. मामाजींचं कळंबला सायकलचं दुकान. आता त्यात सायकली कमी आणि बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटींचे फाटके टायर जास्त, पण पाटी अजून सायकल मार्टचीच आहे. तरुणपणी कुठल्याशा शाळेच्या रद्दीतून त्यांना विमान शोधणाऱ्यांच्या गोष्टींचं एक पातळ पुस्तक मिळालं. लोकांना देव भेटतो, यांना हे भेटले. त्या पुस्तकात एक जर्मन होता. त्याने घराजवळ मातीची टेकडी रचून घेतली आणि पंख बांधून तिच्यावरून उड्या मारत राहिला. अखेर एका दुसऱ्या टेकडीवरून उडाला आणि पडला, तो गेलाच. पॅरिसमध्ये राहणारा एक ब्राझीलचा गडी होता, तो आपला उडता फुगा दारासमोर बांधून ठेवून वर कॉफी प्यायला जायचा. मामाजींना हे सगळेच आवडत. पण जीव जडला तो अमेरिकेतल्या दोघा भावांवर, कारण त्यांचं सायकलचं दुकान होतं.

"चेन आपलीच होती, सूनबाई," असं त्यांनी मला त्या पहिल्याच अक्षय तृतीयेला सांगितलं. म्हणजे विमानाचे पंखे फिरवायला त्या भावांनी सायकलसारखीच चेन वापरली होती. 'आपली' हा शब्द मामाजी अशा काही ठसक्यात म्हणत की ती चेन कळंबहून पार्सलने गेली असावी. पुढची गोष्टही तेव्हाच कळली. दोघंही भाऊ बिनलग्नाचे गेले. मुलंबाळं नाहीत. मग त्यांना पाणी कोण देणार? धंद्यातला माणूस म्हणून ते मामाजींनी आपल्या अंगावर घेतलं होतं. आत्याबाई दरवर्षी म्हणायच्या की ती परदेशातली, परधर्मातली माणसं, त्यांना कशाचं पुरण आणि कशाची चिंचवणी. मामाजी दरवर्षी म्हणायचे की तहानेला धर्म नसतो. मग आत्याबाई स्वतःच त्या दोन कऱ्यांवर बरे पिकलेले आंबे ठेवायच्या.

तिसरं मडकं, ती एकटी केळी, त्या भावांच्या बहिणीची होती. ती शाळेत शिकवायची. आई गेल्यावर घर तिनेच सांभाळलं. धाकटा भाऊ विमानासकट पडून हाडं मोडून घेऊन इस्पितळात होता, तेव्हा नोकरीतून रजा घेऊन तीच त्याच्या उशाशी बसली. मामाजींचं पुस्तक गावाने भावांची काढलेल्या मिरवणुकीपाशी संपत होतं. पुढचं ते स्वतःच धरून चालले होते की बहीणही तशीच, भावांच्या घरात राहून, बिनलग्नाची गेली असेल. "बहीन असावी तं अशी," ते आत्याबाईंना ऐकवत. आत्याबाई म्हणत, "तिच्या भावायनं विमान केलं. तू पंचर काढून राह्यला." ही दोघं एकमेकांशी अशीच बोलत. ज्या दिवशी असं बोलणं झालं नाही, त्या दिवशी घरात कोणाला तरी ताप आहे असं समजावं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझा आवाज मोठा आहे आणि तोंड त्याहून मोठं आहे, असं घरचे म्हणतात. पण त्या घरात मी रुजले ती या दोघांच्या भांडणांच्या सावलीत. दुकानात कोणी नवीन ट्यूब घ्यायला आला की मामाजी ट्यूबचा रिकामा पुठ्ठ्याचा खोका हातात घेऊन दोन्ही टोकांना उलटसुलट पिळून दाखवत. हवेत तोल सांभाळायला विमानाचे पंख कसे पिळायचे, ते थोरल्या भावाला असाच खोका पिळताना सुचलं होतं. गिऱ्हाईक बिचारं कापूस वेचणीच्या दिवसांत, घाईत, आणि हे खोका पिळताहेत. एकदा तर त्यांनी सायकलच्या हँडलपुढे तिसरं चाक आडवं बसवलं, त्याला पत्र्याचे दोन तुकडे लावले आणि चिंतामणीच्या देवळापर्यंत जोरात चालवत नेली. त्या भावांनी वारा मोजायला असं केलं होतं म्हणे. देवळापाशी लोकांनी विचारलं, नवस आहे का? मामाजींनी हो म्हणून टाकलं. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं होतं, असं त्यांचं म्हणणं.

मुंबईला चौपाटीवर आपल्याच एका माणसाने यांच्याआधी विमान उडवलं होतं, अशी एक ऐकीव गोष्ट आहे. ती घेऊन कोणी दुकानात वाद घालायला आलं तर मामाजी शांतपणे म्हणत, उडवलं असेल तर फारच छान झालं, पण मग त्याचीही चेन दाखवा. गोष्ट तिथेच मिटायची.

मग आत्याबाईंनी लग्न केलं.

पन्नाशी ओलांडली होती त्यांनी. उमरखेडकडच्या ढाणकीचे एक गृहस्थ, किराणा दुकानवाले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. चतुर्थीला चिंतामणीच्या दर्शनाला यायचे, आणि हळूहळू दर्शन देवळात कमी आणि आमच्या ओट्यावर जास्त होऊ लागलं. आत्याबाईंनी मला आधी सांगितलं. मी त्यांना मिठीच मारली. माझ्या यजमानांनीही बरं झालं म्हटलं. मामाजी काहीच बोलले नाहीत. नकार दिला असता तर मी भांडले असते, पण न बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं ते मला आजवर जमलेलं नाही. यवतमाळला नोंदणी कार्यालयात लग्न झालं, तेव्हा आम्ही गेलो. मामाजी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत एक सायकल खोलून बसले होते. ती सायकल बिघडलेली नव्हती.

लोक काय म्हणतील म्हणून ते रागावले, असं गावात सगळ्यांना वाटलं. मला तसं कधीच वाटलं नाही. लोकांची पर्वा असणारा माणूस पत्र्याचे पंख लावून देवळात जात नाही. त्यांना लागलं होतं. ज्या बहिणीने सगळं आयुष्य त्यांच्या घराला दिलं, ती आता दुसऱ्याच्या घरी भाकरी थापते, हे त्यांना सोसत नव्हतं. आणि तिने त्यासाठी आपली परवानगी मागावी असंही त्यांना वाटत होतं आणि तसं वाटतं याची लाजही वाटत होती. हे मी आज शहाणपणाने लिहितेय. तेव्हा मी फक्त आदळआपट करायची.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. आत्याबाई माझ्या फोनवर बोलत, शेवटी विचारत, भाऊ जेवतो ना नीट. मामाजी माझ्या आसपास घुटमळत, आणि फोन ठेवला की विचारत, ढाणकीला पाऊस आहे का. तिकडच्या हवामानाची एवढी काळजी ढाणकीतल्या शेतकऱ्यांनाही नसेल. आणि दर अक्षय तृतीयेला पाच मडकी मांडली जात. आंबे आता मी ठेवायची. त्या परदेशी बहिणीच्या केळीवर मामाजी हळद-कुंकू लावत, तेव्हा माझ्या तोंडावर यायचं की मेलेल्या परक्या बहिणीचे एवढे लाड आणि जिवंत सख्खीचं नाव नाही. मी गिळून टाकायची. क्वचित नाही गिळायची.

या हिवाळ्यात आत्याबाईंच्या छातीत पाणी झालं. त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात आणलं. कळंबहून अर्ध्या तासाचा रस्ता. मी रोज डबा घेऊन जायची. मामाजी पहाटे उठून माझ्यासाठी बस थांबते तिथे जाऊन उभे राहत, गाडी दिसली की हात करत, मला चढवून देत. स्वतः चढत नसत. संध्याकाळी विचारत, दवाखान्यात ऊन येतं का खिडकीतून. आत्याबाई बऱ्या झाल्या, पण निम्म्या होऊन घरी गेल्या. दवाखान्यातून निघताना त्यांनी माझा हात धरून सांगितलं, "त्याले म्हन, मले एक डाव पाहून जाय." मी ते जसंच्या तसं सांगितलं. मामाजी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत राहिले.

त्यानंतर माझ्या जिवाला एकच घोर लागला. हा म्हातारा आपल्या हट्टापायी बहिणीला न पाहता बसून राहील, आणि एक दिवस ढाणकीहून फोन येईल. मग मी याला कसं सांभाळू?

एप्रिलमध्ये शाळेत मुलांना विमानाचा धडा शिकवायचा होता. मामाजींच्या पुस्तकातलं सगळं मला पाठ होतं, तरी खात्री म्हणून मोबाइलवर शोधत बसले. इंग्रजी मला सावकाश वाचावं लागतं. वाचता वाचता त्या बहिणीपाशी आले आणि थबकले. आता वाचणाऱ्याला वाटेल बाई जुळवून सांगतेय, पण जे होतं ते असं होतं. ती बहीण बिनलग्नाची गेली नव्हती. थोरला भाऊ विषमज्वराने आधीच गेला होता. धाकट्याचं घर ती चालवत होती. पन्नाशी ओलांडल्यावर तिने जुन्या ओळखीतल्या एका विधुराशी लग्न केलं आणि त्याच्या गावी गेली. आणि ज्याच्या उशाशी ती बसली होती, त्या धाकट्या भावाने तिच्याशी बोलणं टाकलं.

मी मोबाइल उलटा ठेवला आणि चपला घालून थेट दुकानात गेले. अक्षय तृतीया दोन-तीन दिवसांवर होती. पाचही मडकी कुंभाराकडून येऊन बाकाखाली ठेवलेली होती. मामाजी चाकाचा आऊट काढत होते, म्हणजे लहरत फिरणारं चाक आरे आवळून सरळ करत होते. मी बसलेसुद्धा नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं.

चाक फिरायचं थांबलं. त्यांनी विचारलं, "मंग भाऊ गेला का तिच्याकडं?"

मी म्हटलं, गेला. ती अगदी मरायला टेकली आणि घरच्यांनी फार म्हटलं तेव्हा गेला. आभाळात उडणारा माणूस, पण बहिणीच्या दारात पोचायला त्याला एवढा उशीर झाला.

"बोलता आलं का त्याले?"

ते काही लिहिलेलं नाही, मी म्हटलं.

मला वाटलं होतं आता तरी काही फुटेल. मामाजी बाकाखाली पाहत होते. मग म्हणाले, "म्हंजे तिले सासर होतं. इतके वर्सं तिची केळी आपन फुकट मांडली. लगन झालेल्या बाईचं पानी तिच्या सासरचे देतात."

मला इतका संताप आला की दुकानातून बाहेर पडताना मी त्यांच्या लाडक्या पाटीला खांदा आपटून घेतला. एवढं सगळं ऐकून या माणसाला आठवलं काय, तर मडक्याचा हक्क. घरी येऊन यजमानांना म्हटलं, तुमचे वडील दगड आहेत. ते म्हणाले, हे तुला आज कळलं का.

अक्षय तृतीयेच्या दिवशी चारच मडकी मांडली गेली. सासूबाईंची केळी, आजेसासऱ्यांचा करा आणि दोघा भावांचे दोन करे. पाचवी केळी मामाजींनी उचलून बाहेर ओट्यावर पालथी ठेवली होती. मी ते पाहिलं आणि मला भरून आलं, रागानेच. म्हणजे लग्न केलं म्हणून आता त्या बिचारीचंही या घरातलं पाणी बंद. मी पोळ्या वाढल्या त्या आवाजावरून शेजारच्यांनीही ओळखलं असेल काय चाललंय. मामाजी पोळी संपवून उठले. हात धुताना म्हणाले, "सूनबाई, ढाणकीले कोनती गाडी जाते?"

मी तांब्या तसाच धरून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं निघालो. यवतमाळला गाडी बदलली, उमरखेडला पुन्हा बदलली. मामाजींनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि मांडीवर दुपट्ट्यात बांधलेलं काहीतरी जपून धरलं होतं. मला वाटलं आंबे असतील. बहिणीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही एवढं भान आहे म्हणून मला बरं वाटलं. रस्ताभर ते एकदाही विमानाबद्दल बोलले नाहीत, आणि त्यामुळे मी जास्तच घाबरले. पुढे ढाणकी जवळ आलं तेव्हा एवढंच म्हणाले, की तिने दार लावलं तर आपण पुढच्या गाडीने परत फिरू.

दार उघडंच होतं. आत्याबाई पंख्याखाली बाजेवर बसून तुरीची डाळ निवडत होत्या. त्यांचे यजमान दुकानातून उठून आले, आम्हाला पाहून पाणी आणायला आत गेले. शहाणा माणूस. आत्याबाईंनी भावाकडे पाहिलं. सुपातला हात तसाच राहिला. मामाजी समोर खाली बसले, दुपट्ट्याची गाठ सोडली आणि ती केळी त्यांच्यापुढे ठेवली.

मेलेल्या बाईच्या पाण्याचं मडकं, अक्षय तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी, जिवंत बहिणीच्या दारात, तेही नुकत्याच मरणाच्या दारातून आलेल्या. जगात कुठला भाऊ असं करेल? मला वाटलं, आता भिंतीत तोंड खुपसावं.

आत्याबाई मडक्याकडे बघत राहिल्या. मग सावकाश म्हणाल्या, "भाऊ, मी मेली नाई अजून."

"मले मालूम हाये," मामाजी म्हणाले. "म्हनूनच आनली. मेल्यावर तुह्यं पानी तुह्या सासरी. तिथं माहा हक्क नाई पोचत. मले जे द्याचं ते आताच देनं हाये."

आत्याबाईंचे यजमान पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभे होते. मामाजींनी तो त्यांच्या हातातून घेतला आणि केळीत पाणी ओतलं. कोरं मडकं, भिजवलेलं नाही, तळातून पाझरायला लागलं आणि शेणाने सारवलेल्या जमिनीवर ओल पसरली. आत्याबाईंनी केळी दोन्ही हातांनी उचलली, तोंडाला लावली आणि थांबत थांबत सगळं पाणी प्यायल्या. पदराने तोंड पुसलं. त्या रडत होत्या की पाणीच सांडलं होतं, मला नीट दिसलं नाही, कारण माझेच डोळे भरले होते.

मग त्या आपल्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "त्या दोघायले ठेवलं का पानी?"

मामाजींनी मान डोलावली.

"आन् त्यायच्या बहिनीले?"

"तिनं लगन केलतं," मामाजी म्हणाले. "आमाले आता मालूम झालं. तिचं तिच्या सासरी."

आत्याबाईंनी रिकामी केळी भावाच्या मांडीवर परत ठेवली.

"तिचंही ठेवत जाय," त्या म्हणाल्या. "लगन केलं म्हून का माहेरची तहान सरते?"